मोशेचा अपराध, योसेफाचा तोरा

मोशेच्या हातून खून झाला. योसेफाने आपली स्वप्ने सांगून भावांना डिवचले. योना देवाची आज्ञा धुडकावून पळाला. दाविदाने दुसऱ्याच्या बायकोसाठी तिच्या नवऱ्याचा जीव घेतला. जुन्या करारातले हे नायक देवाचे लाडके आहेत, निर्दोष नाहीत. १९९८ ते २००२ या काळात अमेरिकेत या कथांवर संगीतमय ॲनिमेशनपट निघाले, तेव्हा नायकाचा दोष मुलांपुढे कितपत ठेवायचा, हा खरा पेच होता.

यांतला सर्वांत भव्य प्रयत्न म्हणजे ड्रीमवर्क्सचा 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' (डिसेंबर १९९८). गाणी स्टीफन श्वार्ट्झची, पार्श्वसंगीत हान्स झिमरचे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला. कथेत काही स्वातंत्र्य घेतले आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकले. ते स्वातंत्र्य नेमके मोशेच्या अपराधापाशी दिसते. 'निर्गम'मध्ये मोशे इकडेतिकडे पाहतो, कोणी नाही अशी खात्री करतो, मिसऱ्याला ठार मारतो आणि प्रेत वाळूत पुरतो. चित्रपटात तो संतापाच्या भरात धक्का देतो आणि मुकादम उंच परांचीवरून कोसळतो. खुनाचा अपघात झाला. हे सौम्य करणे पटत नाही. सोन्याच्या वासराचा प्रसंगही गाळला आहे, त्यामुळे ते वासरू घडवणारा मोशेचा भाऊ अहरोन याच्या वाट्याला सुरुवातीचा अविश्वास तेवढा उरतो.

मात्र चित्रपटाने मोशेला एक वेगळा दोष दिला आणि तो फार मोलाचा ठरला. मिसरच्या राजवाड्यात राजपुत्र म्हणून वाढलेला मोशे बेफिकीर आहे. भाऊ मानलेल्या रामसेसबरोबर रथ पळवताना होणाऱ्या नासधुशीचे त्याला काहीच वाटत नाही. मग एका रात्री त्याला स्वप्न पडते. भिंतीवरची चित्रे हलू लागतात, सपाट रेषांचे सैनिक इब्री बाळे हिसकावून नेतात. जागा होऊन तो मशाल घेऊन धावतो, तर तीच चित्रे खरोखरच भिंतीवर कोरलेली असतात. इतकी वर्षे तो त्यांच्यासमोरून गेलेला असतो. इथे श्रद्धेची सुरुवात चमत्काराने होत नाही, स्वतःच्या आंधळेपणाच्या जाणिवेने होते. पुढे फारो झालेल्या रामसेसचा मुलगा मरतो तेव्हा हाच मोशे भिंतीला टेकून रडतो. त्यानंतर येणाऱ्या 'व्हेन यू बिलीव्ह' या गाण्यातही विजयोन्माद नाही, दीर्घ काळ वाट पाहिलेल्यांचा थकवा आहे. मधल्या भागात मुले 'निर्गम'च्या १५ व्या अध्यायातल्या हिब्रू ओळी गातात. या गाण्याला ऑस्कर मिळाले.

याच कंपनीचा 'जोसेफ: किंग ऑफ ड्रीम्स' २००० मध्ये थेट व्हिडिओवर आला. त्याची गाणी जॉन बुचिनोची. बापाच्या लाडाने शेफारलेला, रंगीत झगा मिरवणारा योसेफ इथे लपवलेला नाही. भावांनी विकल्यानंतर तुरुंगात पोचलेला तो देवावर चिडतो. 'उत्पत्ती'त असा उद्रेक नाही. मग कोठडीतले एक रोपटे तो जपू लागतो आणि गाण्यातून हळूहळू मान्य करतो की देवाला आपल्यापेक्षा जास्त कळते. खरी कसोटी पुढे आहे. सत्ता हाती आलेला योसेफ भावांचा छळ मांडतो, आणि त्याला सुटायचे असते ते स्वतःच्या सूडभावनेतून.

भाज्यांची पात्रे असलेल्या 'व्हेजीटेल्स' मालिकेची वाट निराळी. दाविदाची व्यभिचाराची कथा लहान मुलांना कशी सांगायची? २००० मधल्या एका भागात राजाला दुसऱ्याचे आंघोळीच्या टबातले रबरी बदक हवे होते. वासना गेली, हाव उरली. मुलाला कळेल एवढे पाप राहिले. २००२ मध्ये 'जोना' हा या मालिकेचा पहिला चित्रपटगृहातला चित्रपट आला. योना म्हणजे शतावरीचा कोंब. माशाच्या पोटात समूहगान होते, त्याला दुसरी संधी मिळते, ज्या निनवे शहरी जाणे टाळले होते तिथेच तो जातो, शहर वाचते, आणि तरीही तो धुसफुसतच राहतो. बायबलमधले पुस्तकही योनाला विचारलेल्या देवाच्या प्रश्नावर संपते, उत्तर देत नाही. चित्रपटानेही ते दिलेले नाही. मोठ्या खर्चाच्या मोशेपटाला जे धाडस झाले नाही, ते या भाज्यांच्या चित्रपटाने केले: नायकाला त्याच्या दोषासकट तसेच सोडून दिले.