आत्मप्रतिरक्षा आणि ललाट-शंखखंडीय मनोभ्रंश : एका संबंधाचा इतिहास

शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, त्या अवस्थेस आत्मप्रतिरक्षा म्हणतात. ललाट-शंखखंडीय मनोभ्रंशात मेंदूचे पुढचे व बाजूचे खंड झिजतात. स्मरणशक्ती पुष्कळदा काही काळ टिकते, परंतु स्वभाव, विवेक किंवा भाषा ढासळते. या दोहोंत नाते असावे हा विचार एकविसाव्या शतकातच रुजला. इतका विलंब का लागला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या मनोभ्रंशाचे आद्य वर्णन आर्नोल्ड पिक याने १८९२ साली प्राग येथे केले. त्याच्या वृद्ध रुग्णाची वाचा बिघडली होती व शंखखंड आक्रसला होता. १९११ मध्ये अल्झायमरने अशा मेंदूंच्या पेशींतील विशिष्ट गोलकांचे वर्णन केले. पुढे हा विकार ‘झीज’ याच सदरात मोडू लागला. दुसरीकडे, शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे पॉल एर्लिकने १९०१ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, शरीर स्वतःविरुद्ध घातक प्रतिपिंडांची क्रिया होऊ देत नाही. या मताचा पगडा दीर्घकाळ राहिला. १९५६ मध्ये विटेब्स्की व रोझ यांनी सशांत, तर रॉइट व डोनिआक प्रभृतींनी रुग्णांत, अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे दाखविली, तेव्हा तो ओसरू लागला.

तथापि मेंदू या चर्चेबाहेरच राहिला. १९४८ मध्ये मेडावरला असे दिसले की, सशाच्या मेंदूत रोवलेली परकी त्वचा टिकते. मात्र तो ससा आधीच प्रतिकारसिद्ध असेल तर ती नष्ट होते. या निष्कर्षाचा पूर्वार्ध रूढ झाला, उत्तरार्ध मागे पडला, असे म्हणावे लागते.

कोंडी फुटली ती जनुकशास्त्रामुळे. २००६ मध्ये या मनोभ्रंशाच्या काही कुटुंबांत प्रोग्रॅन्युलिनच्या जनुकातील उत्परिवर्तने सापडली. हे प्रथिन दाहाचे नियमन करते, हे आधीच ज्ञात होते. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील मिलर व सहकाऱ्यांनी रुग्णांचे पूर्ववृत्त तपासले. शब्दार्थ हरपत जाणाऱ्या प्रकारात व प्रोग्रॅन्युलिन-उत्परिवर्तनाच्या वाहकांत आत्मप्रतिरक्षेचे सांध्यांचे, त्वचेचे व आतड्यांचे विकार अपेक्षेहून अधिक आढळले. ज्या अवटू ग्रंथीपासून आत्मप्रतिरक्षेच्या आधुनिक अभ्यासास चालना मिळाली, तिचे विकार मात्र या वाढीत नव्हते. २०१६ मध्ये ‘सी९ओआरएफ७२’ हे जनुक नसलेल्या उंदरांत प्लीहा वाढलेली व स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे निर्माण झालेली दिसली. चेतापेशींचा ठळक ऱ्हास मात्र दिसला नाही.

यावरून आत्मप्रतिरक्षा हे मनोभ्रंशाचे कारण ठरत नाही. एकाच जनुकीय दोषाची ती दोन फळे असू शकतील. म्हणूनच केवळ या साहचर्याच्या आधारे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे देणे समर्थनीय नाही. तरीही या इतिहासाचा बोध साधा नाही. ज्याचे वर्तन पालटले त्यास घरचे दुःशील समजतात आणि त्याच्या जुन्या सांधेदुखीची नोंद दुसऱ्याच विभागाच्या कागदांत राहते. उपरोक्त संबंध उजेडात आला तो नव्या उपकरणामुळे नव्हे, तर अशा नोंदी एकत्र वाचल्यामुळे.