बापू कुटी, सेवाग्राम

वर्धा शहरापासून सु. ८ किमी. अंतरावरील सेवाग्राम आश्रमातील महात्मा गांधींचे निवासस्थान. माती, लाकूड, बांबू व देशी कवेलू यांची ही लहानशी वास्तू ग्रामीण गृहरचनेच्या चर्चेत वारंवार उल्लेखिली जाते. मात्र ती मुळात गांधीजींसाठी नव्हे, तर मीराबेन यांच्यासाठी बांधण्यात आली होती. तिच्या घडणीचे श्रेयही मुख्यत्वे त्यांनाच द्यावयास हवे. प्रचलित नावामुळे ते झाकले गेले आहे.

ब्रिटिश नौदलातील ॲडमिरल सर एडमंड स्लेड यांची कन्या मॅडेलिन ही १९२५ मध्ये गांधीजींकडे आली व मीराबेन झाली. ग्रामसेवेसाठी मीराबेन शेगाव येथे राहू लागल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही तेथे आले. (विदर्भातील दुसऱ्या शेगावशी होणारी टपालाची गल्लत टळावी म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले.) प्रारंभी गांधीजी आदि निवास या वास्तूत अनेक सहकाऱ्यांसमवेत राहत. तेथील वर्दळ वाढल्यावर ते मीराबेन यांच्या कुटीत राहावयास गेले.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात तापमान कधीकधी ४५° से.च्या वर जाते. पावसाळ्यात येथील काळी जमीन फुगते आणि वाळली की भेगाळते. अशा ठिकाणी घर बांधण्याचे शहाणपण स्थानिक शेतकऱ्यांजवळ होतेच. मीराबेन यांनी ते जसेच्या तसे उचलले. मातीची जाड भिंत सावकाश तापते. छपराची पुढे आलेली वळचण त्या भिंतीला पावसापासून राखते. ओसरीमुळे ऊन आत शिरत नाही व आल्यागेल्यास बसावयास जागा होते. घरातील माणूस जमिनीवर बसून काम करणार, हे गृहीत धरल्यामुळे टेबल-खुर्च्यांची अडगळ नाही. सजावट म्हणावी तर भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठावाने काढलेले ताडवर्गीय वृक्ष व चरखा एवढीच.

अशा घराच्या अल्प खर्चाचे कौतुक पुष्कळ होते. त्यामागील श्रमांचे क्वचितच. सारवण, लिंपण व कवेलू फेरणे ही कामे वर्षानुवर्षे करावी लागतात, आणि खेड्यात सारवण-लिंपणाचा भार प्रायः स्त्रियांवर पडतो. जतनाचा प्रश्नही त्यातूनच उद्भवतो. दगडी वास्तू न हलविता राखता येते. मातीची वास्तू मात्र पुनःपुन्हा नवी करीतच राखावी लागते. त्यामुळे येथे ‘मूळ’ म्हणावयाचे ते द्रव्यापेक्षा मांडणीला आणि लिंपणाऱ्या हातांच्या कसबाला.

विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये या कुटीत काही काळ बसले होते. सामान साठविण्याची जागा आणि माणसाचे घर यांतील भेद त्यांनी तिच्या आधारे मांडला.

गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये येथून गेले, ते परतले नाहीत. मीराबेन यांनी १९५९ मध्ये भारत सोडला; १९८२ मध्ये ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले.