गावाची वस्तू देताना

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याची झडप, भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडते. उघडली की शेतातले पाणी नदीकडे धाव घेते, त्याबरोबर सुंगटे, खेकडे, बारीकसारीक मासळी येते, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे बांधणाऱ्याला एका रात्रीत चांगली कमाई होते. हे जाळे कोणी बांधायचे, याची गोव्यातल्या खाजन गावांत पावणी, म्हणजे जाहीर बोली, होते. जो जास्त बोलेल त्याला ठरावीक मुदतीपुरता हक्क मिळतो, पैसा सामाईक पेटीत जातो आणि त्यातून बांधाची डागडुजी होते. मुदत संपली की हक्क परत, आणि पुन्हा पावणी. डिचोली आणि पेडण्याच्या आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्यांकडून सोपो, म्हणजे बसण्याचे शुल्क, गोळा करण्याचा ठेका नगरपालिका देते, तोही मुळात याच घाटाचा व्यवहार. पावणी अधिक भाव मिळावा म्हणून असते, असे आपण समजतो. गोव्याचा इतिहास पाहिला तर तिचे मोठे काम वेगळे दिसते. वस्तूचा मालक कोण, हे ती ठरावीक काळाने सर्वांसमोर पुन्हा सांगते. जिथे हे सांगणे थांबले, तिथे भाव तर गेलाच, शिवाय मालकीही हळूहळू घेणाऱ्याच्या घरी जाऊन बसली.

गावकरी, म्हणजे पोर्तुगीज कायद्याच्या भाषेतली कोमुनिदाद, या व्यवस्थेत गावची जमीन कोणा एकाची नव्हती. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने तिसवाडीतल्या गावांचे रिवाज फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, नोंदवले, तेव्हाच त्यात हे स्पष्ट होते, की गावातली मिळकत विकायची तर सगळ्या गावकारांची संमती हवी. शेते ठरावीक वर्षांसाठी, बहुधा तीन वर्षांसाठी, पावणीने दिली जात. घेणाऱ्याला जामीन द्यावा लागे. आलेल्या पैशातून सरकारचा धारा, देवस्थानाचा खर्च आणि बांधबंदिस्ती भागवून उरेल ते गावकारांत जोण म्हणून वाटले जाई. डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे आले. या नव्या काबिजादीत, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखात, लोकांचे रिवाज पाळण्याचे वचन राज्यकर्त्यांनी दिले होते आणि १८५३ साली त्या रिवाजांची संहिताही झाली. फिलिप नेरी शावियेर यांनी त्याच सुमारास गावकऱ्यांचा इतिहास ग्रंथात मांडला. पुढे १९०४ची संहिता आली, मग १९३३ची, आणि पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळण्याच्या जेमतेम आठ महिने आधी, १५ एप्रिल १९६१ला, आज लागू असलेली संहिता. सरकार प्रत्येक वेळी गावकऱ्यांवर अधिक पकड घेत गेले, पण गावची जमीन द्यायची तर आधी जाहीर करा आणि बोली लावा, हा सर्वसाधारण नियम टिकून राहिला. दोन तालुक्यांत फरक मात्र होता. डिचोलीत शिरगावसारख्या गावांची कोमुनिदाद उभी राहिली. पेडण्यात मोठ्या जमिनी देशप्रभूंसारख्या घराण्यांच्या हाती राहिल्या, त्यामुळे गावाने गावची वस्तू देण्याचा सराव तिथे तोकडाच राहिला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही पावणी कोणाची होती? बोली ऐकायला गाव होते, पण जोण मिळे ती मूळ गावकारांच्या वांगडांतल्या, म्हणजे घराण्यांतल्या, पुरुषांना. शेतात राबणारे कूळ, घराच्या जागेसाठी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, दयेवर जगणारा मुंडकार, आणि बायका यांचा त्या पेटीवर हक्क नव्हता. ज्याच्याकडे रोकड आणि जामीन, त्यालाच बोली परवडे. म्हणूनच १९६४चा कूळ कायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा आवश्यक होते, आणि त्यांनी जे दिले ते न्यायाने दिले. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? मालक म्हणून मोजल्या जाणाऱ्यांचे वर्तुळ लहान होते, हा दोष. तो दूर करायचा तर वर्तुळ वाढवायला हवे. जाहीर बोलीच मोडून टाकली तर वर्तुळाबाहेरच्या माणसाला काहीच मिळत नाही. उलट, बंद खोलीत सही करणाऱ्याशी ज्याची ओळख, त्याचे फावते. कोमुनिदादींच्या जमिनींवर मुक्तीनंतर जे घडले ते याची साक्ष आहे. बोलीविना आफ्रामेंताने, म्हणजे कायम भाडेपट्ट्याने, प्लॉट देण्यासाठी संहितेत वाटा काढल्या गेल्या. त्या बेघरांसाठी होत्या, पण त्यांतून कितीतरी अन्य माणसे आत शिरली. आणि बोली न लावता बांधलेली घरे नियमित करण्यासाठी संहिता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते, अगदी २०२५पर्यंत.

मालकी कशी हातची जाते हे पाहायचे तर डिचोलीच्या लाल डोंगरांकडे वळावे लागते. २० सप्टेंबर १९०६च्या पोर्तुगीज हुकुमाने खनिज जमिनीपासून वेगळे काढले. वर शेत कोमुनिदादीचे, बाग भाटकाराची आणि खालचे खनिज राज्याचे. ते मिळवण्याची रीत सोपी होती. खनिज सापडल्याची नोंद आधी करील त्याचा हक्क पहिला, आणि पुढच्या पायऱ्या पार पडल्या की परवाना. बोली नाही आणि परतीची तारीखही नाही, कारण अटी पाळल्या तर हा परवाना कायमचा. १९०६ साली हे फारसे कोणाला खुपले नसावे, त्या दगडाला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक आले. पन्नासच्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी इथले लोहखनिज मांडवीतून बार्जने बंदरावर जाऊ लागले आणि कवडीमोलाच्या नोंदी सोन्याच्या झाल्या. मिळालेले परवाने दोन-तीन दशकांत घराण्यांची इस्टेट झाले. वारसांत वाटले गेले, भाड्याने दिले गेले.

१९६१नंतर भारताचा खाण कायदा गोव्यात लागू झाला, तरी हे परवाने तसेच चालू राहिले. संसदेने १९८७ साली कायदा करून ते रद्द केले आणि २० डिसेंबर १९६१पासून ते खाणपट्टे आहेत असे मानले. म्हणजे पंचवीसएक वर्षांनी का होईना, या वस्तूला मुदत लागली. खाणवाल्यांनी कायद्याला आव्हान दिले, खटले लांबले, आणि मुदतीची तारीख कागदावर पडून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ला निकाल दिला तेव्हा कळले, की मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ला संपले होते, नूतनीकरणाची वीस वर्षेही २२ नोव्हेंबर २००७ला संपली होती, आणि त्यानंतर काढलेला प्रत्येक टन बेकायदा होता. नेमक्या त्याच काळात, चीनच्या मागणीने भाव चढलेले असताना, गोव्याने आजवरचे सर्वाधिक खनिज निर्यात केले. २००९ साली डेंपो समूहाचा खाण व्यवसाय सेझा गोवाने सुमारे १७५० कोटी रुपयांना घेतला. जी मुदत न्यायालयाने पुढे २००७लाच संपलेली ठरवली, तिच्या जोरावर दोन खासगी पक्षांनी एवढी किंमत ठरवली. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने कायदा पाळून व्यवहार केला असेल, तरी त्यात ज्याचे खनिज त्याचे नाव कुठेच नव्हते. या साऱ्या गोष्टीतला हा भाग मला सर्वांत बोचतो.

दुसरा आक्षेप इथेच भेटतो, आणि तो खुद्द न्यायालयाच्या तोंडून आलेला आहे. नैसर्गिक साधनसंपत्ती द्यायची तर लिलाव हा एकच घटनात्मक मार्ग नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर सप्टेंबर २०१२मध्ये दिले. गोव्याच्या २०१४च्या निकालातही पुढचे पट्टे कसे द्यायचे हे धोरण राज्यावर सोपवले. तत्त्व म्हणून हे चुकीचे नाही. शाळेला जागा द्यायची तर तिची बोली लावू नये. पण ही मोकळीक गोव्यात कशी वापरली गेली ते पाहा. नोव्हेंबर २०१४पासून जुन्याच पट्टेदारांना पट्टे वाढवून देणे सुरू झाले. १२ जानेवारी २०१५ला केंद्राने खाणी लिलावानेच द्याव्यात असा वटहुकूम काढला, तोवर नूतनीकरणांची घाई झाली होती, आणि काही नूतनीकरणे तर त्याच दिवसाची आहेत. अशी एकूण ८८ नूतनीकरणे ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणकाम थांबले. पट्ट्यांची पन्नास वर्षे १९८७पासून मोजा, म्हणजे ती २०३७ला संपतील, हा युक्तिवादही २०२१ साली फेटाळला गेला. खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले उघड्यावर आले. कर्जाचे हप्ते थकले, दारातले ट्रक गंजले. लिलावाच्या हट्टाने लोकांचे पोट मारले, असे तेव्हा म्हटले गेले. लोकांचे हाल खरे होते. पण हप्ते भरणाऱ्या ट्रकवाल्याला पट्ट्याची मुदत कोणीच सांगितली नव्हती. २००७च्या आधी वेळेवर, सर्वांसमोर बोली झाली असती, तर खाण एका हातातून दुसऱ्या हातात गेली असती आणि त्याचा ट्रक चालत राहिला असता.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे. मानशीचे जाळे थोड्या मुदतीने दुसऱ्याला देता येते, पण वीज, ट्राम, विमानतळ यांत दशकांची गुंतवणूक असते. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मुदत लांब असावी. पण ती लिहिलेली असावी. मुंबईने हे करून दाखवले आहे. १९०५च्या करारात वीज व ट्राम कंपनीला सवलत देताना ४२ वर्षांनी ती विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेने राखून ठेवला होता. ७ ऑगस्ट १९४७ला तो हक्क वापरून सगळी यंत्रणा शहराच्या मालकीची झाली. आजची बेस्ट ही त्या एका कलमाची देणगी आहे. याउलट, १९८७पर्यंत गोव्याच्याच प्रशासनाखाली असलेल्या दमण-दीवची वीज वितरण कंपनी दादरा-नगर हवेलीसह २०२२ साली ५१ टक्के टोरेंट पॉवरकडे गेली. स्पर्धात्मक बोली झाली, ४९ टक्के सरकारकडे राहिले, आणि वितरणाचा परवाना कायद्याने २५ वर्षांचा असतो. पण विकलेल्या भागांना परतीची तारीख नसते. गोव्याचे वीज खाते अजून सरकारी आहे. उद्या ते द्यायचे ठरले तर २००३च्या वीज कायद्यातले हस्तांतर योजनेचे कलम एवढ्यावर थांबू नये, मुंबईचे १९०५चे कलमही समोर असावे.

पेडण्यात मोपाच्या पठारावर असा एक व्यवहार झालेलाच आहे. २०१६ साली जीएमआरने महसुलाच्या ३६.९९ टक्के वाटा देण्याची बोली लावून विमानतळ ४० वर्षांसाठी मिळवला. पुढची २० वर्षे देण्याची तरतूद आहे, पण पुन्हा बोली लावून. कागद म्हणून हा करार १९०६च्या हुकुमापेक्षा कितीतरी शहाणा आहे. उणीव राहिली ती आधीच्या पायरीत. पठारावर कोण राहते, काय उगवते, पाणी कुठून कुठे जाते, याची माहिती नीट पुढे आली नाही. म्हणून मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी रोखली आणि जानेवारी २०२०मध्ये अटी घालून ती मोकळी केली. डिचोलीतही तीच उणीव दिसते. डिसेंबर २०२२मध्ये गोव्यातल्या पहिल्या लिलावांत डिचोलीचा सुमारे ४७८ हेक्टरचा गट वेदान्ताकडे गेला. खनिजाच्या किमतीचा ६३.५५ टक्के हिस्सा राज्याला मिळेल अशी ही बोली. मुदत ५० वर्षे. १९०६पासूनच्या ११६ वर्षांत पहिल्यांदाच या डोंगरांची जाहीर बोली झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण गटाच्या सीमेत घरे, देवळे, शेते आणि तळी आली, आणि गटात आलेल्या मुळगावच्या लोकांना ती वगळा म्हणून रस्त्यावर यावे लागले. खनिज राज्याचे असेल, त्याच्यावरचे गाव राज्याचे नाही. जे आपले नाही ते बोलीत घालता येत नाही, हे १५२६च्या फोरालमधल्या गावकारांनाही ठाऊक होते. तेव्हा यापुढच्या प्रत्येक गटाची बोली लावण्याआधी सर्व्हे नंबरांसह सीमेची यादी ग्रामसभेत वाचली जावी, घरे-शेते-पाणवठे त्यातून आधीच काढावेत, आणि पट्टा ज्या दिवशी संपतो ती तारीख पंचायतीच्या फलकावर लावावी. मये, शिरगाव आणि मुळगावात हे काम आजही करता येण्याजोगे आहे.