मावळचे डोंगर आणि पूर्णांकांची वाट

मावळातील डोंगरांची उंची गेल्या दोनशे वर्षांत कधी फौजेच्या, कधी रेल्वेच्या, तर कधी संगणकाच्या गरजेपोटी तपासली गेली आणि ती नोंदवताना बहुतेक वेळा पूर्ण आकडाच पुरेसा मानला गेला. लोहगडाची उंची १,०३३ मीटर आणि शेजारच्या विसापूरची १,०८४ मीटर, म्हणजे फरक अवघा ५१ मीटरांचा. पण मार्च १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने आधी विसापूर घेतल्यावर लोहगड टिकवणे अवघड झाले, ते याच फरकामुळे. पुढे १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचा पायथा १९६ फूट आणि माथा २,०२७ फूट असा नोंदवला गेला, आणि १,८३१ फुटांचा हा चढ सुमारे पावणेसोळा मैलांत बसवताना काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट इतका चढ स्वीकारावा लागला.

कागदावरचा आकडा वाचणाऱ्याला तो फुटांत आहे की मीटरांत एवढे कळले की भागते. संगणकाला मात्र आकड्याचा प्रकारही सांगावा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानावरील रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. त्या मोजणीत एक अंशाच्या चौकोनाला एक फाइल असून लोणावळा ‘एन१८ई०७३’ या फाइलीत येते. तिच्यात प्रत्येक उंची दोन बाइटांच्या पूर्णांकाने, मोठा बाइट आधी ठेवून, लिहिलेली असते, आणि रडारला उत्तर न मिळालेल्या जागी –३२,७६८ हा आकडा भरलेला असतो. आजचे बहुतेक संगणक लहान बाइट आधी धरतात, त्यामुळे बाइटांची अदलाबदल करायची राहिली, तर १,०८४ चे १५,३६४ होतात आणि विसापूर एव्हरेस्टच्याही वर जातो.

हे आकडे पडद्यावर डोंगर होऊन उभे राहतात ते शेडरमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममुळे. त्यांपैकी व्हर्टेक्स शेडर भूरूपाच्या जाळीतील प्रत्येक शिरोबिंदूची जागा ठरवतो. २००४ च्या ‘ओपनजीएल २.०’ मध्ये शिरोबिंदूची माहिती पूर्णांकांत दिली, तरी शेडरच्या हाती ती ‘फ्लोट’, म्हणजे दशांश चिन्हाचा आकडा, होऊनच पडत असे. ऑगस्ट २००८ च्या ३.० आवृत्तीने पूर्णांक जसाच्या तसा पोचवणारी वेगळी आज्ञा दिली, जिच्या नावात ‘आय’ हे एक अक्षर अधिक आहे. ब्राउझरला ही सोय ‘वेबजीएल २’ बरोबर २०१७ मध्ये मिळाली. आज्ञा एका प्रकारची आणि शेडरमधील घोषणा दुसऱ्या प्रकारची असेल, तर काय मिळेल याची हमी ओपनजीएल देत नाही: १,०८४ या फ्लोटचे बिट पूर्णांक म्हणून वाचले गेले, तर १,१४,९७,३०,८१६ हा आकडा येतो, आणि उलट घडले, तर जवळजवळ शून्य हाती लागून गड सपाट होतो.

खरे तर उंचीपुरती ही नवी आज्ञा अनावश्यकच म्हणावी लागेल, कारण ३२ बिटांचा फ्लोट १,६७,७७,२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक बिनचूक धरतो. तिचा खरा उपयोग मोजमाप नसलेल्या आकड्यांसाठी आहे. नकाशात जंगलाला १, भातखाचराला २ आणि पाण्याला ३ असे सांकेतिक क्रमांक दिले आणि ते फ्लोट म्हणून पुढे गेले, तर त्रिकोणाच्या कोपऱ्यांमधील मूल्ये सरासरीने भरली जातात, आणि जंगल व धरण यांच्या मधोमध नसलेले भातखाचर उगवते. म्हणून पूर्णांक रंग ठरवणाऱ्या पुढच्या शेडरकडे नेताना त्यावर ‘फ्लॅट’ हा शब्द लावणे सक्तीचे केले गेले. मग एकाच शिरोबिंदूचा क्रमांक साऱ्या त्रिकोणाला लागू होतो, आणि ओपनजीएलमध्ये एरवी तो शेवटच्या शिरोबिंदूचा असतो. पवना धरणाच्या काठावरचा त्रिकोण पाण्यात धरायचा की भातखाचरात, हे त्यामुळे त्याचे तीन बिंदू कोणत्या क्रमाने लिहिले यावर ठरते.