मऊ म्हणजे निरुपद्रवी? नाजूक त्वचा, खासगी साधने आणि सतराशे वर्षांचा एक वाद

१/
शरीराच्या सर्वांत नाजूक भागाला स्पर्श करणारे साधन कोणत्या द्रव्याचे असावे? हा प्रश्न ऑनलाइन दुकानांच्या काळातला वाटतो. पण सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या एका भारतीय ग्रंथात त्यावर आचार्यांचे मतभेद नोंदवलेले आहेत. त्या वादापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालापर्यंतचा इतिहास या थ्रेडमध्ये.

२/
वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’ सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. त्याच्या सातव्या, म्हणजे ‘औपनिषदिक’ अधिकरणात कृत्रिम लैंगिक साधनांचे वर्णन येते. त्यांना तेथे ‘अपद्रव्य’ अशी संज्ञा आहे. वर्णनाची सुरुवातच द्रव्यांच्या यादीने होते : सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत आणि शिंग.

३/
यानंतर मतभेद येतो. बाभ्रव्याच्या परंपरेतील आचार्य कथील आणि शिसे यांची शिफारस करतात. कारण ही द्रव्ये मृदू आणि शीत आहेत. वात्स्यायन मात्र लाकडाचाही पर्याय मान्य करतो आणि ज्याला जे मानवेल ते त्याने घ्यावे, अशा आशयाचे मत देतो. एकीकडे द्रव्याचा गुण, दुसरीकडे व्यक्तीची प्रकृती. निवडीच्या या दोन कसोट्या तेव्हाच वेगळ्या झालेल्या दिसतात.

४/
धातू किंवा हस्तिदंत परवडत नसेल तर काय? ग्रंथात भोपळ्याचा नाळ आणि वेळू हे पर्याय आहेत. पण ते तसेच्या तसे वापरायचे नाहीत. तेलात व काढ्यात ते चांगले मुरवून घ्यावेत, असे सांगितले आहे. लाकडी मण्यांची माळ वापरायची तर ती गुळगुळीत हवी. खरखरीत पृष्ठभाग त्वचेला इजा करतो, हे व्यवहारज्ञान या सूचनांच्या मुळाशी आहे.

५/
इजेची भीती काल्पनिक नव्हती. याच ग्रंथात प्रणयातील आघातांची चर्चा करताना एक भयंकर उदाहरण येते. कुंतलाचा राजा शातकर्णी सातवाहन याने ‘कर्तरी’ नावाच्या आघाताने राणी मलयवतीचा जीव घेतला. दाक्षिणात्यांत रूढ असलेले असे प्रकार क्लेशकारक आणि अनादरणीय आहेत, असा निर्वाळा वात्स्यायन देतो.

६/
हे कुंतल महाराष्ट्राला परके नाही. त्याच्या सीमा काळानुसार बदलल्या. तरी दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांना सांधणारा हा मुलूख. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग-जळकोटचा परिसर आजही याच सांध्यावर, सोलापूर-हैदराबाद मार्गावर आहे. त्याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, ही सातवाहनकाळातील मोठी व्यापारपेठ होती.

७/
तेरला सापडलेली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. या मूर्तीचा अपद्रव्यांशी संबंध नाही. मात्र कामसूत्राच्या यादीतील हस्तिदंतासारखे द्रव्य या भागातील कारागिरांच्या हाताखाली होते आणि त्यावर अतिशय गुळगुळीत काम होत असे, याची ती साक्ष आहे.

८/
आता बाभ्रव्याच्या शिशाकडे पुन्हा वळावे. शिसे खरोखरच मऊ असते. नखाने ओरखडा काढता येतो. पण ते शरीरात साठत जाणारे विष आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हाताला लागणारा मऊपणा खरा होता, निरुपद्रवीपणा खरा नव्हता. पुढे हीच चूक विसाव्या शतकातील कारखान्यांनी केली.

९/
कामसूत्र आधुनिक जगापुढे आले ते मुंबईच्या वाटेने. १८८३ च्या इंग्रजी भाषांतरावर रिचर्ड बर्टन आणि मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आर्बथनॉट यांचा ठसा असला, तरी संस्कृत ग्रंथाशी प्रत्यक्ष झुंज घेतली ती पंडित भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी. इंग्लंडमधील अश्लीलताविरोधी कायद्याच्या धास्तीने ते भाषांतर खासगी वितरणापुरते छापले गेले. ज्ञान होते, पण पडद्याआड.

१०/
भारतातही १८६० च्या दंडसंहितेतील कलम २९२ ने अश्लील पुस्तके, चित्रे आणि वस्तू यांच्या विक्रीवर बंदी घातली होती. मात्र ‘अश्लील’ कशाला म्हणायचे, हे कायद्याने नेमके सांगितले नव्हते. त्यामुळे वैद्यकीय माहिती, शास्त्रीय चर्चा आणि चावट मजकूर यांतील सीमारेषा प्रत्येक खटल्यात नव्याने आखली जाऊ लागली.

११/
दरम्यान द्रव्य बदलले. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती साधली. उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारे रबर आता लवचीक राहू लागले. १८८० च्या दशकात जर्मन डॉक्टर मेन्सिंगा याने स्त्रियांसाठी रबरी पटलाचे गर्भनिरोधक प्रचारात आणले. शरीराच्या आत वापरायच्या रबरी साधनांचे युग सुरू झाले.

१२/
महाराष्ट्रात या साधनांविषयी उघडपणे बोलण्याचे धाडस केले ते गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली.

१३/
जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक पत्रे लिहीत आणि कर्वे मासिकातून उत्तरे देत. जे घरात, वैद्याकडे वा मित्राकडे विचारता येत नव्हते, ते विचारण्यासाठी मराठी माणसाला एक पत्ता मिळाला होता.

१४/
अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर वाचक प्रश्न विचारत असतील, तर अज्ञान दूर करणारे उत्तर अश्लील कसे ठरेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

१५/
हा खटला संततिनियमनाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू अधिक साधी आणि अधिक दूरगामी आहे. ज्या वस्तूविषयी विचारणेच गुन्ह्याच्या छायेत येते, ती कशाची बनली आहे, तिने खाज का सुटते, आग का होते, हेही विचारता येत नाही. ग्राहक गप्प राहिला की विक्रेत्याला उत्तर द्यावे लागत नाही.

१६/
स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, कलम तेच राहिले. १९६४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. आणि १८ जानेवारीच्या सीमाशुल्क अधिसूचनेने अश्लील पुस्तके, चित्रे व वस्तूंच्या आयातीवर बंदी आली. ही अधिसूचना पुढे साठ वर्षांनी पुन्हा भेटेल.

१७/
त्याच दशकात शासन स्वतः एक खासगी वस्तू घरोघर पोहोचवत होते. १९६६ मध्ये हिंदुस्थान लॅटेक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९६८ पासून ‘निरोध’ अनुदानित दरात मिळू लागला. तीन नगांना १५ पैसे. भारतातील असंख्य शरीरांशी लॅटेक्सचा पहिला संबंध असा आला. बहुतेकांना ते मानवले. काहींना मानवले नाही.

१८/
रबरी हातमोज्यांनी अंगावर गांधी उठल्याची आधुनिक वैद्यकीय नोंद १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. १९८७ नंतर एड्सच्या भीतीने हातमोज्यांचा वापर प्रचंड वाढला आणि लॅटेक्सचे वावडे असलेले रुग्णही मोठ्या संख्येने पुढे आले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅटेक्सयुक्त वैद्यकीय उपकरणांबाबत जाहीर इशारा दिला.

१९/
१९९८ पासून तेथे नैसर्गिक लॅटेक्स असलेल्या उपकरणांवर तसे स्पष्ट लिहिणे सक्तीचे झाले. शिवाय अशा वस्तूंवरील ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द काढावा लागला. हा शब्द वाचून लोक निर्धास्त होत. प्रत्यक्षात त्या वस्तूत वावड्याचे मूळ कारणच असे. ‘सौम्य’ हा दावा आणि ‘घटक’ ही माहिती यांतील फरक कायद्याने प्रथमच इतक्या ठळकपणे मान्य केला.

२०/
वावडेही दोन प्रकारचे. रबराच्या चिकातील प्रथिनांमुळे काही मिनिटांत गांधी, सूज, क्वचित श्वासाचा त्रास होतो. तो जिवावर बेतू शकतो. रबर पक्के करताना वापरलेल्या थायुरमसारख्या रसायनांमुळे मात्र एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ येते. उशिरा येणाऱ्या त्रासाचे कारण रुग्णाला सहसा सापडत नाही आणि लाजेमुळे तो डॉक्टरांनाही पूर्ण हकिकत सांगत नाही.

२१/
सिलिकोनची कथा वेगळी आहे. मूळचे ग्रेनाडाचे गॉसनेल डंकन यांना अमेरिकेत १९६५ मध्ये अपघात होऊन कमरेखाली पक्षाघात झाला. अपंग व्यक्तींसाठी सुरक्षित साधन हवे म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सिलिकोनवर प्रयोग केले. ज्यांची संवेदना क्षीण आहे, त्यांना इजा झालेली कळतही नाही. म्हणून द्रव्यच विश्वासार्ह हवे, ही त्यामागची गरज होती.

२२/
बाजाराने मात्र स्वस्त मार्ग धरला. पीव्हीसी हे कडक प्लॅस्टिक. थॅलेट नावाची द्रव्ये मिसळली की ते जेलीसारखे मऊ होते. ही द्रव्ये प्लॅस्टिकला घट्ट बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर झिरपतात. युरोपीय संघाने डिसेंबर १९९९ मध्ये लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांत त्यांच्यावर बंदी आणली. प्रौढांची साधने या नियमाबाहेर राहिली. बाभ्रव्याचे शिसे नव्या रूपात परतले होते.

२३/
२००६ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने प्रौढांच्या साधनांतील रसायनांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ हे लैंगिक साधनांच्या रचनेचे व सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. प्रौढांची साधने त्या कक्षेत येत नाहीत.

२४/
आता १९६४ ची ती अधिसूचना. मुंबईत सीमाशुल्क विभागाने अंग चोळण्याच्या मसाजरचा साठा, त्याचा लैंगिक साधन म्हणून वापर होऊ शकतो या कारणावरून अश्लील ठरवून अडवला. न्यायाधिकरणाने ती कारवाई रद्द केली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागाचे अपील फेटाळले. वस्तूचा संभाव्य वापर मनाने कल्पून तिला अश्लील म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

२५/
या इतिहासातून निवडीचे काही नियम हाती लागतात. वेष्टनावर द्रव्याचे नाव स्पष्ट हवे. वैद्यकीय दर्जाचे सिलिकोन, बोरोसिलिकेट काच आणि स्टेनलेस स्टील यांना सूक्ष्म छिद्रे नसतात, म्हणून ती नीट स्वच्छ होतात. निकेलचे तीव्र वावडे असल्यास स्टीलबाबत सावध राहावे. जेलीसारखे लिबलिबीत, उग्र वासाचे, तेलकट होत जाणारे प्लॅस्टिक टाळावे.

२६/
लॅटेक्सचे वावडे असल्यास पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे निरोध उपलब्ध आहेत. वंगणाची निवडही तितकीच महत्त्वाची : तेलाने लॅटेक्स कमकुवत होते, सिलिकोनचे वंगण सिलिकोनच्या साधनाचा पृष्ठभाग बिघडवू शकते. सुगंध आणि ‘थंड’ किंवा ‘गरम’ वाटवणारी द्रव्ये नाजूक त्वचेला नकोत. योनीचे आम्लमान साधारण ३.८ ते ४.५ असते, साबण ते बिघडवतो. साधन सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुऊन पाण्याने पूर्ण निथळावे.

२७/
आग, सूज, फोड किंवा पुरळ आल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञ अथवा स्त्रीरोगतज्ज्ञांना वस्तूच्या द्रव्यासह पूर्ण हकिकत सांगावी. पाठीवर लहान पट्ट्या लावून करायच्या चाचणीने रसायनांचे वावडे शोधता येते. ओठ किंवा श्वासनलिका सुजत असल्याचे जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

२८/
आज कुरिअरचे खोके जळकोटसारख्या गावातही पोहोचते. त्यावर आत काय आहे हे लिहिलेले नसते, आणि खासगीपणासाठी ते योग्यच आहे. पण आतल्या वेष्टनावरही द्रव्याचे नाव नसेल, तर तो खासगीपणा ग्राहकाचा राहत नाही, उत्पादकाचा होतो. वात्स्यायनाने ज्याला जे मानवेल ते निवडण्याची मुभा दिली, ती द्रव्यांची नावे सांगितल्यानंतर. नाव कळल्याशिवाय निवड होत नाही. १९३४ च्या न्यायालयात पणाला लागला होता तो हाच अधिकार : विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा.