तंजावरची न्याहारी आणि रताळ्याचे कूळ

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मातोश्रींचे वर्षश्राद्ध आम्हांस तंजावरास करावे लागले. गावी जाण्याइतक्या रजेचा मेळ बसला नाही. आणि कावेरीकाठी तिरुवैयारूसारखे क्षेत्र जवळच असता गावचाच हट्ट कशाला, असे आम्ही मनाचे समाधान करून घेतले. आदल्या दिवशी उपाध्यायांनी स्वयंपाकाची यादी सांगितली. कच्ची केळी चालतील, कारले चालेल, अळकुड्या चालतील, रताळे तर अवश्य असावे; परंतु बटाटा, कोबी, टोमॅटो नको. तिखटास मिरची न वापरता मिरे वापरावे. आम्ही भीत भीत विचारले की, मातोश्रींना बटाट्याची भाजी फार प्रिय होती, तेवढी एक करावी काय? उपाध्याय शांतपणे म्हणाले, “ती इंग्लिश भाजी. पितरांना ती ठाऊक नाही.”

इकडे तमिळ घरांत परदेशातून आलेल्या भाज्यांना सरसकट ‘इंग्लिश काय’ म्हणण्याचा प्रघात आहे. उपाध्यायांचे म्हणणे परंपरेला धरूनच होते, म्हणून आम्ही वाद घातला नाही. पण ज्या माउलीने जन्मभर रोजच्या डब्यात बटाट्याची भाजी भरून आम्हांस शाळेत धाडले, तिला ती ठाऊक नाही हे मनास पटेना. आणि रताळे तेवढे ठाऊक कसे, हा प्रश्न त्या रात्री आमच्या डोक्यात शिरला, तो अद्याप पुरता बाहेर पडलेला नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचेच फळ होय.

प्रथम रताळ्याचे कूळ पाहू. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते ही वेल मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपास ज्ञात झाली, आणि पुढे स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांतून तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. फिलिपाइन्समार्गे ती १६ व्या शतकाच्या अखेरीस चीनच्या फूज्यान प्रांतात पोहोचली आणि तेथून १६०५ च्या सुमारास र्‍युक्यू बेटांत गेली. १७३२ च्या दुष्काळानंतर जपानात आओकी कोन्यो या विद्वानाने तिच्या लागवडीचा एवढा पुरस्कार केला की, लोक त्याला रताळे-गुरुजी म्हणू लागले. हिंदुस्थानात हे कंद पोर्तुगीजांच्या हातून आले असे सर्वसाधारणपणे मानतात. सर टॉमस रो याच्या वकिलातीतील धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने १७ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आसफखानाच्या मेजवानीचे वर्णन लिहिले आहे. त्यात ‘पोटॅटो’चा उल्लेख येतो, आणि तो पदार्थ आजचा बटाटा नसून रताळे असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

येथेच नावांची मौज सुरू होते. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला हे सर्वश्रुत आहे. परंतु तो मुळात कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांच्या भाषेतला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ होता रताळे! इंग्रजीतील ‘पोटॅटो’ही त्याच मुळापासून निघाला. पेरूच्या डोंगरांतील दुसरा कंद मागाहून प्रसिद्धीस आला, तेव्हा त्याने थोरल्या पाहुण्याचे नाव बळकावले. तात्पर्य, शब्दाच्या वंशावळीप्रमाणे पाहिले तर आपण ज्याला रताळे म्हणतो तोच खरा बटाटा. आणि ज्याला बटाटा म्हणतो तो त्या घराण्यात नावापुरता दत्तक आलेला.

मग ‘रताळे’ हे नाव कोठून आले? संस्कृतात ‘रक्तालु’ असा शब्द आहे. पण तो मुळात लालसर अथवा जांभळट गराच्या एका देशी कंदाचा, म्हणजे कोनफळाच्या जातीचा वाचक होय. गुजरातेत आजही ‘रताळू’ म्हटले की जांभळा कंद पुढे येतो. आपल्या रताळ्याला ते लोक ‘शक्करिया’ म्हणतात. तमिळ भाषेतही असाच प्रकार दिसतो. ‘वळ्ळिक् किळंगु’ हे जुन्या देशी कंदाचे नाव. नवा गोड कंद आला तेव्हा त्याच नावाआधी साखर घालून ‘सक्करैवळ्ळि’ असे त्याचे बारसे झाले. कावेरीकाठच्या शेतकऱ्याने आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने एकमेकांस न विचारता एकच युक्ती योजली: परक्या पाहुण्याला घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव दिले. बटाटा मात्र परकीय नाव घेऊन आला आणि ते नाव त्याने सोडले नाही. आमच्या उपाध्यायांच्या यादीचे मर्म आम्हांस येथे सापडल्यासारखे वाटते. एकाच खंडातून, बहुधा एकाच लोकांच्या जहाजांतून दोघे आले. ज्याला घरचे नाव मिळाले तो पितरांच्या पानावर बसला, आणि ज्याचे नाव परके राहिले तो उंबऱ्याबाहेर थांबला.

आपल्या उपवासाच्या फराळाचीही तीच कथा. रताळे, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सारी अमेरिकेची देणगी. साबूदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. आणि त्या साबूदाण्याचे मोठे केंद्र आज तमिळनाडूतील सेलम होय. एकादशीला आपण जे पान वाढतो, त्यातील निम्म्याहून अधिक पदार्थ ज्ञानेश्वरमहाराजांच्या दृष्टीस पडणेही शक्य नव्हते. हे ध्यानी आले म्हणजे ‘प्राचीन’ हा शब्द माणूस जरा जपून वापरू लागतो.

आता तंजावरकडे वळू. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीमहाराजांच्या निधनानंतर इंग्रजांनी राज्य खालसा केले. म्हणजे सुमारे १८० वर्षे मराठी ही येथील राजभाषांपैकी एक होती. पण मराठे येण्याच्या कितीतरी आधीपासून नागपट्टणास पोर्तुगीजांची वसाहत होती. १६५८ मध्ये ती डचांनी घेतली. तरंगंबाडीस नायक राजा रघुनाथाच्या परवानगीने १६२० पासून डेन लोक राहत होते. समुद्रापलीकडचे बी-बियाणे उतरावयास याहून सोयीचा किनारा कोणता असणार?

या दरबारास पाकशास्त्राचे वावडे नव्हते, उलट तो विद्येचाच एक विषय मानला जाई. रघुनाथ नवहस्त, म्हणजे नवाथे, या समर्थकालीन पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचून अन्नाच्या गुणदोषांचा विचार केला. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा त्याला आश्रय होता, हे भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार दाखविले आहे. पुढे दुसरे सरफोजीमहाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावाने ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ तयार झाले. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापूनही काढले आहे. ज्या राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तांत मराठीत कोरविला, त्याच्याच नावे मुदपाकखान्याची पोथीही असावी, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या सन्मानार्थ येथे प्रथम झाला अशी एक कथा इकडे आवडीने सांगतात. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. तरीही तमिळ माणूस आपल्या नित्याच्या पदार्थाचे पितृत्व मराठी पाकघराला आनंदाने देतो, यातच दोन पाकघरांचे नाते उघड होते.

आमच्या शेजारी अशाच एका जुन्या तंजावरी मराठी कुटुंबातील आजी राहतात. त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे, त्यांच्या घरी डांगर पचडी होते, आणि महाराष्ट्र त्यांनी एकदाच, पंढरपुरास जाताना, पाहिला. एके दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा घरात न्याहारीवरून रण माजले होते. चिरंजीवांना टोस्ट हवा होता, आणि वैद्यांनी आमचे वजन पाहून घरातला पाव बंद करविला होता. सौभाग्यवतींनी कोठेतरी पाहिले की अमेरिकेत हल्ली रताळ्याचे लांबट काप टोस्टरमध्ये भाजून पावाऐवजी खातात. त्यांनी तसे केले. टोस्टर तीनदा चालवावा लागला. कडा करपल्या आणि मधला गर कच्चाच राहिला. आजींनी तो प्रकार पाहिला, पदर खोचला आणि तवा मागितला.

त्यांची रीत येथे देतो, कारण ती आम्ही तेव्हापासून पाळीत आहो. मध्यम जाडीचे, सरळ रताळे घ्यावे. माती नीट घासून धुवावी, साल काढू नये. पाव इंच जाडीचे उभे काप करावे. त्याहून पातळ केले तर जळतात, जाड ठेवले तर आत शिजत नाहीत. काप प्रथम आठदहा मिनिटे वाफवावे, मग लोखंडी तव्यावर थोड्या तुपात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस होईतो परतावे. वर दाण्याचे कूट, ओले खोबरे, मीठ व लिंबू, किंवा नुसते घट्ट दही आणि जिऱ्याची पूड. वाफविण्यामागे शास्त्रही आहे. मंद उष्णतेने रताळ्यातील पाचकरस पिठूळ द्रव्याची साखर बनवितो, म्हणून सावकाश शिजलेले रताळे गोड लागते. मात्र त्याच कारणाने फार वेळ भाजलेले रताळे रक्तातील साखर लवकर वाढविते. उकडलेले त्या मानाने सौम्य. मधुमेही वाचकांनी दोन कापांवर थांबावे आणि सोबत दही किंवा दाणे घ्यावे. रताळ्यात तंतू भरपूर असतो. नारिंगी गराच्या जातीत ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूलद्रव्य विपुल असते, पांढऱ्या गरात ते जवळजवळ नसते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी जात याच हेतूने काढली आहे.

पहिला काप तोंडात घालताच आम्ही थबकलो. ही चव नवी नव्हती. महाशिवरात्रीला मातोश्री हेच रताळ्याचे काप करीत. आम्हीच ते उपवासाच्या कप्प्यात बंद करून ठेवले होते. अमेरिकेचा कंद अमेरिकेची नवी न्याहारी म्हणून आमच्या घरी परत आला, आणि एका तंजावरी आजीने तो आमच्या आईच्या तव्यावर पुन्हा नेऊन ठेवला.

या साऱ्यातून आम्ही उपाध्यायांना चूक ठरवावे, असे आम्हांस वाटत नाही. परंपरा ही जन्मस्थानाचा दाखला पाहत नाही, सहवास पाहते. तंजावरचे मराठेही एके काळी येथे परकेच होते. आज त्यांचे राव मंडळींच्या रूपाने येथील समाजात सहज स्थान आहे, आणि घरात त्यांची मराठी टिकून आहे. बदलीच्या हुकुमावर गावोगाव फिरणाऱ्या आपणांसारख्यांना तीन वर्षांत एवढे साधत नाही, हे खरे. पण शेजारणीने तवा मागावा इतपत तरी साधावे.

श्राद्धाच्या दिवशी आम्ही यादीप्रमाणेच सर्व केले. पिंडदान झाले, पान वाढले, त्यात रताळे होते, बटाटा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी तवा ठेवला आणि त्यावर एका बाजूस रताळ्याचे व दुसऱ्या बाजूस बटाट्याचे काप मांडले. चिरंजीवांनी विचारले, “आजीला यातले कोणते आवडत होते?” आम्ही बटाट्याकडे बोट दाखविले. त्याने आपल्या ताटलीतील एक काप उचलून खिडकीत, कावळ्यासाठी, ठेवला. आम्ही त्याला अडविले नाही.