भिंतीला भिंतीचे उत्तर

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. ही अर्पणपत्रिका वाचताना मला एक प्रश्न नेहमी पडत आला. त्या देशातल्या सरकारी शाळा आपल्या मुलांना त्या दास्याविषयी काय सांगतात? उत्तर शोधता शोधता मी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलच्या भित्तिचित्रांपर्यंत पोहोचलो.

ही चित्रे १९३६ची. महामंदीत बेकार झालेल्या कलावंतांना काम देणारी सरकारी योजना तेव्हा चालू होती. तिच्यातून हे काम व्हिक्टर अर्नौटॉफ या रशियन चित्रकाराकडे आले. तरुणपणी तो झारच्या घोडदळात अधिकारी होता. पुढे मेक्सिकोत दिएगो रिव्हेराच्या हाताखाली त्याने ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची विद्या आत्मसात केली आणि विचारांनी तो डावीकडे झुकला. विषय होता वॉशिंग्टनचे जीवन. तेरा चित्रे, सुमारे १,६०० चौरस फूट. गौरवचित्रांत सहसा न दिसणाऱ्या दोन गोष्टी अर्नौटॉफने त्यांत आणल्या. एका चित्रात वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या जमीनदारीवर राबणारे गुलाम आहेत. दुसऱ्यात तो पश्चिमेकडे बोट दाखवतो आहे, आणि त्या दिशेने निघालेले गोरे वसाहतवाले एका मूळनिवासी माणसाच्या प्रेताजवळून पुढे चालले आहेत. राष्ट्रपित्याच्या नावाच्या शाळेत हे रंगवायला धाडस लागते.

पण चित्रकाराचा हेतू चित्राबरोबर भिंतीवर लिहिलेला नसतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस याच शाळेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तक्रार केली. शाळेत शिरताना त्यांना आपले पूर्वज दिसत ते केवळ राबताना. त्यांचे दुसरे रूप कुठेच नव्हते. चित्रे काढून टाका, अशी मागणी पुढे आली. तेव्हा ड्युई क्रम्पलर या विशीतल्या कृष्णवर्णीय चित्रकाराकडे विद्यार्थ्यांनी धाव घेतली. जुनी चित्रे पुसण्यापेक्षा त्यांना चित्रांनीच उत्तर द्यावे, ही भूमिका त्याने घेतली. भित्तिचित्रांचा अभ्यास करायला तोही मेक्सिकोला गेला. १९७४ साली त्याची चित्रे पूर्ण झाली. त्यांत साखळ्या तोडणारा कृष्णवर्णीय समाज आहे, तसेच आशियाई, लॅटिन आणि मूळनिवासी समाजही आहेत. विद्यार्थ्यांच्या मागणीतून सरकारी शाळेच्या भिंतीवर आलेले हे काम मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते.

नंतर वाद पुन्हा पेटला. जून २०१९मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने अर्नौटॉफची चित्रे रंगाखाली घालण्याचा ठराव एकमताने केला. खर्चाचा अंदाज किमान ६ लाख डॉलर होता. देशभर गदारोळ झाल्यावर ऑगस्टमध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी पुसण्याऐवजी झाकण्याचे ठरले. माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली. २०२१मध्ये निकाल मंडळाच्या विरोधात लागला आणि २०२२मध्ये मंडळाने आपला निर्णय मागे घेतला.

या बातम्या प्रथम वाचल्या तेव्हा मी निःशंकपणे चित्रे राखणाऱ्यांच्या बाजूने होतो. कलाकृती पुसणे म्हणजे इतिहास पुसणे, एवढे सरळ गणित माझ्याकडे होते. पुढे विद्यार्थ्यांचे म्हणणे वाचले आणि ते गणित अपुरे वाटू लागले. संग्रहालयात आपण स्वेच्छेने जातो, नको वाटले तर बाहेर पडतो. शाळेत जाणे मुलाच्या मर्जीवर नसते. तिथल्या भिंतीवर आपल्या माणसाचे प्रेत चार वर्षे पाहत राहायचे, आणि त्यामागची टीका कोणी समजावून सांगायची नाही, हे त्या मुलावर अन्यायाचेच आहे.

तरीही पुसणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण क्रम्पलरच्या कामात आहे. २०१९मध्ये त्याने स्वतः जुनी चित्रे राखण्याची बाजू घेतली. पहिली चित्रे गेली की त्याच्या चित्रांचा संदर्भ जातो. प्रश्नच नाहीसा झाला तर उत्तर कशाचे? गंमत अशी, की पुसावे की राखावे या भांडणात विद्यार्थ्यांनी १९७४ साली मिळवलेले हे उत्तर बहुतेकांच्या लक्षातही नव्हते.

न्यायालयाने निकाल दिला तो पर्यावरणविषयक आढाव्याआधीच निर्णय घेतल्याच्या मुद्द्यावर. चित्रे त्यामुळे वाचली. पण त्या शाळेत नव्याने आलेल्या मुलाला माउंट व्हर्ननच्या चित्रासमोर उभे करून ते कोणी, का काढले हे सांगायचे, आणि मग क्रम्पलरच्या चित्रांपाशी न्यायचे, हे काम कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. ते शिक्षकाचे काम आहे, आणि दर वर्षी नव्या वर्गाबरोबर ते पुन्हा करावे लागते.